दिव्यांग कर्मचाऱ्याला खुर्ची दिली, काम कधी देणार?

"तुम्ही कशाला तरास घेता सर, बसा निवांत. पोरगं करतंय ते."

मराठवाड्यातल्या तहसीलमध्ये, पंचायत समितीत, बँकेत नाहीतर शाळेच्या ऑफिसात दिव्यांग कर्मचाऱ्याच्या कानावर हे वाक्य कायम पडतं. बोलणाऱ्याच्या मनात खोट नसते, उलट मायाच असते. पण ही माया दहा वर्षं चालली की त्या माणसाच्या टेबलावर फाइल यायची बंद होते. गोपनीय अहवालात लिहिण्यासारखं काही उरत नाही. मग बढतीची वेळ आली की तेच मायाळू लोक म्हणतात, "माणूस चांगलाय हो, पण अनुभव कुठाय त्यांना?"

दिव्यांगांना कामाच्या ठिकाणी सामावून घेण्याची चर्चा रॅम्प, आरक्षण आणि जागतिक दिव्यांग दिनाचा, तीन डिसेंबरचा सत्कार यांच्याच भोवती फिरत राहते. सत्कारात शाल मिळते, श्रीफळ मिळतं, फोटो निघतो. सोमवारी पुन्हा टेबल रिकामंच. माझ्या मते खरी गाठ वरिष्ठाच्या हातात आहे, आणि वरिष्ठ म्हणताना डोळ्यांपुढे मंत्रालयातला सचिव आणायची गरज नाही. रोज सकाळी कोणी काय करायचं ते जो ठरवतो तो वरिष्ठ. लाइनचा सुपरवायझर, शाखाधिकारी, मुख्याध्यापक, लातूरच्या डाळ मिलचा मालक, गावचा सरपंच, सगळे त्यात आले. नेतृत्व हा शब्द जड वाटत असेल तर बाजूला ठेवा. काम वाटून देणारा माणूस एवढंच धरून चालू.

आधी थोडे आकडे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख लोकांची नोंद दिव्यांग म्हणून झाली. त्यातले महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या आसपास. देशभरातल्या दिव्यांगांपैकी साधारण ३६ टक्के लोक काही ना काही काम करणारे होते. ही नोंद आता जुनी झाली आणि ती तेव्हाही अपुरीच होती, कारण तिच्यात मोजके आठ प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्यानं यादी २१ प्रकारांपर्यंत नेली. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक, स्वमग्नता, वाचन-लेखनाची विशिष्ट अक्षमता, दीर्घ मानसिक आजार हे सगळं आता त्यात येतं. म्हणजे ज्यांच्याकडे बघून काहीच कळत नाही असे कितीतरी लोक आज दिव्यांग आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेले आहेत.

आपल्याकडे दिव्यांगत्व येतं कुठून, तेही बघण्यासारखं आहे. आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या पिढीत पोलिओनं पाय गेलेले लोक बरेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत जे ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले, त्यांतल्या कित्येकांचे हातपाय, पाठीचे मणके कायमचे दुखावले. मळणी यंत्रात हात जातो. कारखान्यात प्रेसखाली बोटं जातात. मोटरसायकलचा अपघात तर घरोघरी. यातलं बरंचसं जन्मानं आलेलं नाही, कमावत्या वयात आलेलं आहे. आज दिव्यांग सहकाऱ्याचं काम काढून घेणारा साहेब उद्या स्वतःच त्या यादीत असू शकतो, हे काही घाबरवायला सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतो.

पोलिओच्या पिढीबद्दल अजून एक. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे कोट्यातून नोकरीला लागलेला, कुबडी घेऊन चालणारा, बोलायला खणखणीत असा जो कर्मचारी ऑफिसांना माहीत आहे, तो आता निवृत्तीकडे चाललाय. त्याच्या जागी येणारी मुलं वेगळी आहेत. कोणी कर्णबधिर, कोणी अंशतः अंध, कोणाचा आकडे वाचताना गोंधळ होतो. दिव्यांग म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त जिना आणि रॅम्प येतो, त्या ऑफिसांची गडबड आता होणार आहे. जिना चढून येणाऱ्या कर्णबधिर मुलीला रॅम्पचा काय उपयोग?

कायदा काय म्हणतो, थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संसदेनं डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता. मधल्या काळात भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर शिक्कामोर्तब केलं होतं, नवा कायदा त्यातून आला.

सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव. एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी, एक टक्का कर्णबधिर, एक टक्का अस्थिव्यंग आणि त्या गटातले इतर, आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात मिळून. आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. खासगी क्षेत्राला आरक्षणाची सक्ती नाही. कर्मचाऱ्यांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारनं मालकांना प्रोत्साहन द्यावं, एवढंच कायदा म्हणतो.

लोकांना आरक्षणाचं कलम पाठ असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती पुढची कलमं, आणि ती ऑफिसात फारशी कोणाला ठाऊक नसतात. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलताही येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तसं पद रिकामं नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत त्याच्यासाठी जादा पद धरायचं. केवळ दिव्यांग आहे म्हणून बढती नाकारता येत नाही. पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच, जुन्या कायद्याखाली, हे ठणकावलं होतं. २०२५ मध्ये तेलंगणाच्या परिवहन महामंडळातला एक चालक रंग ओळखता येत नाहीत म्हणून घरी बसवला गेला होता. त्यालाही योग्य त्या दुसऱ्या कामावर घ्या, असं कोर्टानं सांगितलं. आपल्या एस.टी.च्या डेपोत ही बातमी फळ्यावर लावायला हरकत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे. इंग्रजीत तिला रीझनेबल अकॉमोडेशन म्हणतात, आपण वाजवी सोय म्हणू. त्या माणसाला इतरांच्या बरोबरीनं काम करता यावं म्हणून करायचा आवश्यक तो बदल, मात्र मालकावर अवाजवी बोजा न टाकता. अशी सोय नाकारली तर कायद्याच्या व्याख्येत तो भेदभावच ठरतो. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात कोर्टानं आणखी पुढची गोष्ट सांगितली. ही सोय सरसकट नसते, त्या त्या माणसाशी बोलून, त्याची गरज बघून ठरवायची असते. खटला होता लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळावा म्हणून. त्याचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या मापात बसत नव्हतं, तरी सोय मिळायला हवी, असा निकाल आला. म्हणजे राखीव जागेला टक्का लागतो, सोय मागायला प्रत्येक वेळी लागतोच असं नाही.

'सोय' म्हटलं की काहींना लगेच 'सवलत' ऐकू येतं. ऑफिसातल्या ट्यूबलाइट कोणासाठी लावल्यात? अंध कर्मचाऱ्याला त्यांची गरज नाही. डोळस लोकांच्या या सोयीचं बिल महावितरणला दर महिन्याला जातं आणि त्याला कोणी सवलत म्हणत नाही.

काम एक, करायची रीत दुसरी

आता वरिष्ठाच्या कामाकडे येऊ. मला वाटतं, त्याच्याकडून लागते ती एकच हातोटी: काम आणि काम करायची रीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येणं. आपल्याकडे वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं काम होत आल्यामुळे रीतच काम होऊन बसते. रजिस्टरवर शाईनं लिहिणं हे काम नव्हे. आलेलं टपाल कोणाकडे गेलं ते नंतर सापडलं पाहिजे, हे काम. फोन उचलणं हे काम नव्हे, मशीन बंद पडल्यावर मेंटेनन्सचा माणूस वेळेत पोचणं हे काम. एकदा असं सोलून बघितलं की बऱ्याचदा कळतं, त्या माणसाला काम जमतंय, रीत तेवढी जमत नाही. आणि रीत बदलायचा अधिकार शिपायाला नसतो, ठेकेदाराच्या पोराला नसतो. तो वरिष्ठालाच असतो. म्हणून हा नेतृत्वाचा विषय.

एक उदाहरण जवळून बघू. समजा, वाळूजच्या एमआयडीसीत गाड्यांसाठी पत्र्याचे पार्ट काढणारं एक प्रेसशॉप आहे. पहिल्या पाळीला, मशीन सुरू व्हायच्या आधी, पाच-दहा मिनिटांची उभी मीटिंग होते. टूलबॉक्स टॉक म्हणतात तिला. सुपरवायझर फळ्याकडे तोंड करून बोलतो: काल कुठल्या पार्टला बर, म्हणजे कडेला धारदार कंगोरा आला, आज कुठला डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा चढणार, कोणी हातमोजे घातले नव्हते. मागच्या ओळीत एक कर्णबधिर ऑपरेटर उभा आहे. त्याला साहेबाची पाठ दिसते. मीटिंग संपल्यावर शेजारचा त्याला अंगठा दाखवतो, तोही अंगठा दाखवतो. "त्याला इशाऱ्यानं कळतंय सगळं," असं सगळे म्हणतात.

कळत नाही. काय चुकलं, काय बदललं, आज जास्त धोका कुठं, हे त्या दहा मिनिटांत सांगितलं जातं आणि तेच त्याच्यापर्यंत येत नाही. बाकीचे ऑपरेटर पाच वर्षांत डाय बसवणारे सेटर होतात, पुढं लाइन लीडर होतात, हा प्रेसवरच राहतो. कारण काय, तर लाइन लीडरला फोनवर बोलावं लागतं.

इथं काय बदलता येईल? सुपरवायझरनं लोकांकडे तोंड करून बोलावं, ही फुकटातली गोष्ट. आजचे दोन-तीन मुद्दे फळ्यावर, शक्यतो चित्र किंवा फोटोसह. फोटो यासाठी, की 'लिहून दिलं म्हणजे झालं' हाही एक गैरसमज आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या कित्येकांची पहिली भाषा हातांची असते, भारतीय सांकेतिक भाषा. तिचं व्याकरण मराठीसारखं नाही, आणि शाळेत मराठी धड शिकवलेली नसेल तर चार ओळींची सूचना त्यांना आपल्याला सरकारी जीआर वाटावा तशी वाटते. म्हणून चित्र हवं, मोबाइलवर काढलेला काल बिघडलेल्या पार्टचा फोटो हवा. महत्त्वाचं प्रशिक्षण असेल त्या दिवशी सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा, तो व्हिडिओ कॉलवरही चालतो. आणि लाइनवरच्या दोघा-तिघांनी कामापुरत्या खुणा शिकून घ्याव्यात. डाय, बर, थांब, तेल, धोका, साहेब. हा शब्दसंग्रह काही फार मोठा नसतो.

सुरक्षेचं काय, हा प्रश्न मालक पहिला विचारतात आणि तो रास्त आहे. पण प्रेसशॉपमध्ये उभं राहून बघा. आवाज इतका, की नियमानं सगळ्यांनीच कानात बोळे घालायचे असतात. म्हणजे पाळीचे आठ तास तिथं कोणालाच नीट ऐकू येत नाही. तिथं निव्वळ हॉर्नवर विसंबणं सगळ्यांसाठीच धोक्याचं. फिरता दिवा, फोर्कलिफ्टच्या पुढं फरशीवर पडणारा निळा ठिपका, आगीच्या घंटेसोबत चमकणारी लाइट, दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस, हात आत गेला की मशीन थांबवणारा लाइट कर्टन. यातलं एकही निव्वळ कर्णबधिरासाठी नाही, सगळ्यांचीच बोटं वाचवायला आहे. आणि लाइन लीडरचा फोन? मशीनवर बटण दाबलं की मेंटेनन्सच्या खोलीत दिवा लागतो, ही सोय कितीतरी कारखान्यांत आधीपासून आहे. नाहीतर मेसेज आहेच. फोनपायी माणसाची बढती अडवणं म्हणजे रीतीसाठी काम सोडून देणं.

एक अडचण मात्र खरी. लाइनवरचे बरेच हात ठेकेदारामार्फत आलेले असतात. कंपनीच्या वेबसाइटवर समान संधीचं धोरण झळकतं आणि ठेकेदाराच्या पोरांना त्याचा पत्ता नसतो. भरतीच्या वेळी ठेकेदारच सांगतो, "असलं माणूस नको, साहेब ओरडतेत." इथं कंपनीच्या प्लांट हेडनं ठेकेदाराला स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय काही हलत नाही.

ऑफिसातला फाँट

दुसरं उदाहरण सरकारी ऑफिसातलं, आणि ते मला जास्त बोचतं, कारण यात पैसा जवळपास लागतच नाही.

अंध किंवा अल्पदृष्टी असलेले कर्मचारी कॉम्प्युटर कसा वापरतात, हे त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं बसणाऱ्यांनाही पुष्कळदा माहीत नसतं. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतं. एनव्हीडीए हे त्यातलं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, ते मराठीही वाचतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीच घातलेलं असतं. कीबोर्डवर बोटं, कानात इयरफोन, आणि सवय झालेला माणूस इतक्या वेगानं ऐकतो, की शेजाऱ्याला ती भाषा कोणती हेही कळू नये.

मग अडतं कुठं? ऑफिसात कृतिदेव नाहीतर शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींचा ढीग असतो. हे फाँट दिसतात देवनागरी, पण आतून ती रोमन अक्षरं असतात, वर मराठीचा मुखवटा. डोळ्याला 'विषय' दिसतो. मशीन मात्र आतली अक्षरं वाचतं आणि अर्थहीन खडखडाट ऐकवतं. तसंच स्कॅन केलेल्या पीडीएफचं. आपल्याला ते पत्र दिसतं, मशीनसाठी तो निव्वळ फोटो असतो. मग त्या कर्मचाऱ्याला प्रत्येक कागदासाठी शेजाऱ्याला विचारावं लागतं, शेजारी दोन दिवस वाचून दाखवतो, तिसऱ्या दिवशी कंटाळतो. साहेब म्हणतात, "जाऊ द्या, त्यांच्याकडे नका देऊ." झालं, टेबल रिकामं.

त्याऐवजी कार्यालयप्रमुखानं एक साधं परिपत्रक काढलं, की आजपासून सगळ्या टिप्पण्या आणि पत्रं युनिकोडमध्येच, म्हणजे मशीनलाही मराठीच कळेल अशा अक्षरांत, आणि बाहेरून आलेलं स्कॅन ओसीआर करूनच, म्हणजे फोटोतली अक्षरं मजकुरात बदलूनच पुढं पाठवायचं, तर त्या माणसाचं अर्धं अडलेलं काम सुटतं. युनिकोड वापरा असं शासन कधीपासून सांगतंय, म्हणजे नवीन काही करायचंही नाही. फक्त कोणीतरी साहेबानं ते मनावर घ्यायचंय. शिवाय युनिकोडमध्ये असलं की जुनी फाइल शब्द टाकून शोधता येते. त्याचा फायदा सगळ्या ऑफिसला.

रॅम्पबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एका गोष्टीचा राग येतो म्हणून लिहितो. मानक असं, की एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी. आपल्याकडच्या इमारतींचं जोतं अडीच फूट धरलं तर रॅम्प तीस फुटांचा झाला, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. प्रत्यक्षात दिसतो तो पायऱ्यांच्या बगलेला आठ फुटांत चढवलेला, वर गुळगुळीत पॉलिशची फरशी बसवलेला उतार. पाऊस पडला की त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो, कुबड्यांचं तर बोलायलाच नको. तपासणीच्या कागदावर मात्र 'रॅम्प: होय'. दिव्यांगांचं म्हणून बांधलेल्या संडासात झाडू, बादल्या आणि जुन्या निवडणुकीच्या पेट्या. अशा ठिकाणी नोकरी करणारी दिव्यांग बाई दिवसभर पाणी पीत नाही, हे कोणी विचारलं तरच कळतं, आणि विचारणार कोण? नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केलं की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाहीत, किमान मानकं बंधनकारकच हवीत. आता ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कधी पोचतं ते बघायचं.

न दिसणारं

सिकलसेलचं उदाहरण घ्या. बाहेरून माणूस ठणठणीत. पण अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले, थंडी बाधली, की हाडं फुटतील असं वाटायला लावणाऱ्या वेदना सुरू होतात. आता मे महिन्यातला ४२ अंशांचा पारा, पत्र्याचं शेड, आणि पाणी प्यायला सुपरवायझरची परवानगी. अशा कामगाराची वाजवी सोय म्हणजे पाण्याची बाटली जवळ ठेवायची मुभा, उन्हातल्या कामाची अदलाबदल, आणि दवाखान्याच्या दिवशी रजा. एवढंच. पण ती मागायची तर आजार सांगावा लागतो, आणि सांगितला की दुपारपर्यंत सगळ्या शेडला कळलेला असतो. म्हणून लोक सांगत नाहीत. दात-ओठ खाऊन काम करतात आणि एक दिवस नोकरी सोडतात. मानसिक आजाराच्या बाबतीत तर विचारूच नका.

वरिष्ठानं इथं करायचं काय, तर ऐकलेलं आपल्यापाशी ठेवायचं. बदल करताना इतरांना 'का' सांगायची गरज नसते. "आजपासून हे दुपारनंतर आत काम करतील," एवढं वाक्य पुरतं.

न दिसणाऱ्या दिव्यांगत्वावर संशयही फार घेतला जातो, आणि त्याला आपणच खतपाणी घातलंय. बदलीत सूट मिळावी, कोट्यातली जागा मिळावी म्हणून बोगस प्रमाणपत्रं काढल्याची प्रकरणं महाराष्ट्रात गाजली, मराठवाड्यातही गाजली. पडताळणी व्हायलाच हवी, खोट्यांवर कारवाईही व्हायला हवी. पण त्याचा त्रास खऱ्यांनाच जास्त होतो. ऐकायला कमी येणाऱ्या बाईला मागून हाक मारून 'तपासणं', काठी घेऊन चालणाऱ्याला "काल तर चांगले चालत होते" म्हणणं, हे पडताळणीचं काम नव्हे. ते वैद्यकीय मंडळाचं काम. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र दाखवलं की ऑफिसातल्या स्वयंघोषित डॉक्टरांनी गप्प बसावं, आणि ते बसत नसतील तर साहेबानं बसवावं.

दोष सांगायची हिंमत

ज्या साहेबांना सामावून घेणं म्हणजे फक्त गोड बोलणं वाटतं, त्यांच्या हातून एक अन्याय होतो. ते दिव्यांग कर्मचाऱ्याची चूक त्याला सांगत नाहीत. टिप्पणी कच्ची आली तर दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतात. गोपनीय अहवालात सगळ्यांसारखाच चांगला शेरा मारतात. त्या माणसाला कळतच नाही की आपलं कुठं कमी पडतंय, मग सुधारणार कसं? बाकीच्यांना ओरडा बसतो, त्यातून ते शिकतात. याला निव्वळ हसून मान डोलावलेली मिळते.

वाजवी सोय द्यायची, आणि मग कामाची अपेक्षा बाकीच्यांइतकीच ठेवायची. दोन्ही एकदमच. सोय न देता अपेक्षा ठेवणं हा जाच आहे. सोय देऊन अपेक्षाच न ठेवणं, तर ती खुर्चीवरची पेन्शन झाली.

मी हे म्हणतो तेव्हा काही जण प्रांजल पाटील यांचं नाव घेतात. उल्हासनगरच्या या मुलीनं दृष्टी नसताना लोकसेवा आयोगाची परीक्षा पास केली. २०१६ मध्ये रेल्वेच्या लेखा सेवेत दृष्टी नाही म्हणून त्यांना नाकारलं गेलं, पुढच्याच परीक्षेत वरचा क्रमांक काढून त्या आयएएस झाल्या. कौतुक आहेच. पण "बघा, मनात आणलं तर होतं" असा त्याचा अर्थ काढला की गाडी भलत्याच रुळावर जाते. मनात आणायचं काम त्यांनी केलंच होतं, अडला होता तो नियुक्ती देणारा. धडा नोकरी देणाऱ्यानं घ्यायचाय.

आणि दिव्यांग माणूस स्वतः नेता असतो तेव्हा काय फरक पडतो, त्यासाठी जावेद आबिदी आठवावेत. व्हीलचेअरवर बसून त्यांनी नव्वदच्या दशकात दिल्लीत दिव्यांगांची चळवळ उभी केली, १९९५ चा पहिला कायदा येण्यात त्या रेट्याचा मोठा वाटा. २०१८ मध्ये ते गेले. सोय मागणारा आणि सोय ठरवणारा एकच असला की चर्चा शाल-श्रीफळावर थांबत नाही.

आपल्याकडे उतरवून बघू. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो वर्षाअखेरीस साहित्य नाहीतर किरकोळ रक्कम वाटून संपवला जातो. तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना गावातले दिव्यांग किती जण बैठकीला असतात? बचत गटात दिव्यांग बाई सभासद असते, अध्यक्ष किती ठिकाणी असते? महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला, ते चांगलंच झालं. पण विभाग मुंबईत आणि ग्रामसभा गावात.

विचारायचं कुठून सुरू

कारखान्यात, मिलमध्ये, खासगी शाळेत वीस किंवा जास्त लोक कामाला असतील तर त्या आस्थापनेनं समान संधी धोरण लिहून काढणं, वेबसाइटवर नाहीतर दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. त्यात कोणत्या सोयी आहेत, दिव्यांगांसाठी कोणती पदं, निवड कशी, बढतीआधीचं प्रशिक्षण कसं, सहायक साधनं कोणती, हे लिहायचं असतं. आणि एका संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक. सरकारी कार्यालयात याशिवाय तक्रार निवारण अधिकारीही हवा. धोरणाची प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायची असते, आणि तक्रार ऐकली गेली नाही तर तीही आयुक्तांकडे नेता येते. कार्यालय पुण्यात आहे.

मालकांसाठी कामाच्या एक-दोन गोष्टी. दिव्यांग कामगाराला ईएसआयसीच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या संरक्षणाची पगारमर्यादा महिना २५ हजार रुपये आहे, इतरांना २१ हजार. आणि शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानं आपल्याकडे किती दिव्यांग कर्मचारी आहेत ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. वाळूज-शेंद्र्यात ज्या मोठ्या कंपन्यांना माल जातो, त्या आज ना उद्या आपल्या पुरवठादारांनाही हे विचारतील असं मला वाटतं. तेव्हा घाईघाईनं दोन माणसं भरून पॅकिंगला उभी करण्यापेक्षा आत्ताच बसून बघा, आपल्याकडे आहेत त्यांतलं कोण किती वर्षं एकाच टेबलाशी आहे.

संपर्क अधिकारी नेमताना बरेच जण एचआरमधल्या सगळ्यात नव्या पोराचं नाव टाकून मोकळे होतात. त्याला ना अधिकार, ना माहिती. प्लांट हेडच्या खोलीत जो विचारल्याशिवाय शिरू शकतो असा माणूस तिथं हवा. तो स्वतः दिव्यांग असेल तर उत्तम, पण मग त्याच्या गळ्यात तेवढंच एक काम बांधू नका. त्याला उत्पादनाची, हिशेबाची, खरेदीची जबाबदारीही द्या, आणि मार्चअखेर त्याच्याकडूनही बाकीच्यांइतकाच कडक हिशेब मागा.